किसनसिंगच्या ट्रकचा हूक

दारव्ह्याला रहमतच्या गॅरेजसमोर किसनसिंगचा दहाचाकी ट्रक थांबला, तेव्हा आधी त्याचा वास आत आला. ट्रकमध्ये कोंबडखत होतं. आठवड्यापूर्वी राळेगावकडच्या एका पांदणीत, शेतातल्या चिखलवाटेत, तो फसला होता आणि जेसीबीनं ओढताना पुढचा हूकच उपटून आला होता. तो लागला किसनसिंगच्या धाकट्या भावाला, शंकरसिंगला. ट्रक तोच चालवायचा. जबडा सुजलेला, समोरचे तीन दात गेलेले. तोंडावर दुपट्टा धरून तो बाजूला उभा होता.

रहमत ट्रकखाली शिरला. खताचं काळं पाणी त्याच्या गालावर, मानेवर ठिबकू लागलं. बाहीनं गाल पुसून त्यानं बॅटरी मारली. हूक चेसिसला कधी बसवलेलाच नव्हता. बंपरच्या पत्र्याला वेल्डिंगचे चार टाके, फटींत भरलेली पुट्टी, वरून काळा रंग. मागचं लोखंड नखानं खरवडलं तरी पापुद्रे सुटत होते.

बाहेर येऊन त्यानं विचारलं, हे काम कोणाचं. किसनसिंगनं सहज सांगितलं, की त्यानंच तसं करायला लावलं होतं. गाडी उभी ठेवायला वेळ नव्हता, आताही नाही.

"तसेच टाके मारून द्या, रहमतभाई. वर्षातून एखाद्या वेळी तर ओढाव लागते."

"अन् याचं तोंड?"

"तो कायले उभा राह्यला तिथं?"

शंकरसिंगनं मान खाली घातली. रहमतला वाटलं, या माणसापेक्षा गाडीखालचं पाणी परवडलं.

त्यानं पाना घेतला आणि बंपरच खोलून टाकला. सडलेला भाग कापून जाड प्लेट टाकतो, हूक चेसिसला आरपार बोल्टनं कसतो, दोन दिवस लागतील, पटत नसेल तर गाडी अशीच न्या, असं त्यानं सांगितलं. किसनसिंग शिव्या देत ट्रकमागून आणलेल्या मोटरसायकलवर निघून गेला. भावाला चल म्हणाला नाही.

शंकरसिंग थांबला. प्लेट धरली, बोल्ट आवळले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हुकाला साखळी लावून दुसऱ्या भरलेल्या ट्रकनं ओढून पाहिलं. हूक जागचा हलला नाही.

किसनसिंग आला, हुकावर लाथ मारून खूश झाला. आपल्या दुसऱ्या गाडीलाही असाच बसवा म्हणाला आणि चहा सांगितला. रहमतनं कप घेतला नाही.

"तुमची गाडी आता माह्या इथं आणू नोका. पयले भावाले दात बसवून द्या."

किसनसिंग हसला. शंकरसिंगनं ट्रकची चावी भावाच्या हातात ठेवली आणि एसटी स्टँडकडं चालू लागला.