घड्याळजींचं पोट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पंप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे विहीर किंवा सायकल आली असेल, तर तो दोष तुमच्या पाठ्यपुस्तकांचा. मी अतिदक्षता विभागात एका दांडीला लटकून, ज्यांना गिळता येत नाही त्यांना नाकातल्या नळीतून थेंब थेंब जेवू घालत असे. अन्नदाता म्हणून कोणी पाया पडावं अशी माझी अपेक्षा नव्हती. पण पुढे नळीत कुठे अडलं की मी ओरडायचो, आणि येणारा जाणारा आधी मलाच थोबाडीत मारायचा.

नवा होतो तेव्हा मोठे डॉक्टर मला ‘छान यंत्र’ म्हणाले होते. कौतुकाचा सगळा साठा त्यातच संपला. मग बटण तुटलं, त्यावर चिकटपट्टी आली आणि माझं नाव ‘रडका’ पडलं.

त्या सुमारास कोपऱ्यातल्या खाटेवर एक घड्याळजी आले. मेंदूत रक्तस्राव होऊन उजवी बाजू गेलेली, वाचा बंद, शुद्ध येऊन जाऊन. हयातभर लोकांची घड्याळं लावून दिली, घरच्यांशी मात्र यांचं कधी जमलं नाही. त्यांचं पोट माझा माल घेईना. नगाऱ्यासारखं फुगलं. सिस्टर नळीला मोठी सिरिंज लावून आतलं ओढून बघत आणि एकमेकींना विचारत, “पोटात घेतायत का?”

“बाबांनी आयुष्यात कुणाचं काही पोटात घेतलंय का?” उशाशी बसलेली मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी औषध बदललं. उद्यापर्यंत पोट चाललं नाही तर शिरेतून अन्न द्यावं लागेल, आणि या वयात तिथून जंतू शिरले तर निभावणं कठीण, असं त्यांनी मुलीला स्पष्ट सांगितलं. तोवर पोटाला मालिश करून बघायचं ठरलं. म्हणजे मी बंद आणि माणसांचे हात चालू. मला ते हात मुळीच आवडले नाहीत. त्यांना कोणी थोबाडीत मारत नव्हतं.

सिस्टरनी करून दाखवलं. हलक्या हातानं पोटाच्या उजव्या बाजूनं वर, बरगड्यांखालून आडवं, मग डावीकडून खाली. आतड्याची वाट तशीच जाते. “घड्याळाच्या काट्याप्रमाणे, एवढं लक्षात ठेवा,” असं म्हणून त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

मुलीनं सकाळी तसंच केलं. दुपारी मुलगा आला. बापलेकांचं बोलणं कधीच तुटलं होतं. लहानपणी त्यानं दुकानातल्या ठोक्यांच्या घड्याळाचा काटा उलटा फिरवून यंत्राचं वाटोळं केलं, आणि मोठेपणी दुकानात बसायला नकार दिला. बाबा हे दोन्ही गुन्हे एकाच दमात सांगत, असं मुलगीच सिस्टरना सांगत होती.

“हो बाजूला ताई, मी करतो.”

“आत्ता आठवण झाली होय रे?”

त्यानं बाह्या वर सारल्या. हात धुतले, बाबांच्या पोटावर ठेवले आणि नेमके डावीकडून वर न्यायला लागला.

“उलटं करतोयस.”

“काट्याप्रमाणेच करतोय. घड्याळ बाबांचं, मग त्यांच्या बाजूनं बघायला नको?”

“बाबा काय घड्याळाच्या आत बसलेत?”

“आयुष्यभर तिथेच तर होते.”

एवढ्यात घड्याळजींचा डावा हात उठला. आल्यापासून तो चादरीवर नुसता पडून होता. त्या हातानं मुलाचं मनगट पकडलं. मुलाचा चेहरा उतरला. अजूनही हात लावून घेत नाहीत, असं काहीतरी तो पुटपुटला आणि मनगट सोडवू लागला. पण पकड सुटेना. त्या हातानं मुलाचा हात उजवीकडे ओढला, वर नेला, आडवा सरकवला, डावीकडून खाली आणला. एक फेरा पुरा झाला आणि हात चादरीवर पडला.

“चूक काढायला बरी ताकद आली,” मुलगी म्हणाली आणि डोळे पुसत सिस्टरना हाक मारायला धावली. मुलगा मुकाट्यानं सुलट्या दिशेनं हात फिरवत राहिला.

संध्याकाळी पोट उतरलं आणि मला पुन्हा सुरू केलं. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं, मुलगी म्हणाली मालिश. माझं नाव कोणी घेतलं नाही.

आता मी अडगळीच्या खोलीत एका चाक मोडलेल्या खुर्चीवर पडून आहे. घड्याळजींनी मुलाला पोटात घेतलं की नाही, असं मला इथल्या बादल्या विचारतात. माझ्या आकड्यांच्या काचेवर तसलं काही उमटत नसे. मी पाहिलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी मुलगा आला तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, पण पोट सैल सोडलं.

मित्रांनो, जुन्या माणसांकडून आणि जुन्या यंत्रांकडून याहून गोड काही मिळत नाही, तेव्हा मिळेल ते घ्या. आणि आम्ही ओरडलो, तर थोबाडीत मारण्याआधी पुढे कुठे अडलंय ते बघत चला.