शून्य बिघाडांचा महिना

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, सीपरी बाजारातल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये माझं प्रोबेशन संपायला पंधरा दिवस उरले होते. नोकरी पक्की करणं मॅनेजर रमाकांतजींच्या हातात, आणि त्यांचा जीव आकड्यांत.

लॅबच्या एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात चार व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेले संगणक, चालतात. मोठा तो यजमान, आतले ते पाहुणे. त्यातल्या रिपोर्ट छापणाऱ्या पाहुण्याचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभाच, अधूनमधून कोसळायचा आणि यजमानाला पत्ता नसायचा. पाहुणा पाटावर बेशुद्ध, तरी हा आपला वाढतोच आहे. पडद्यावर हिरवा दिवा, आणि खाली पेशंट तासभर ताटकळलेले.

मी त्या मशिनाला एक छोटं व्हर्च्युअल उपकरण जोडलं. कोसळताना पाहुण्यानं यजमानाला शेवटचा निरोप द्यायचा आणि यजमानानं मला मोबाइलवर कळवायचं, एवढंच. पहिल्याच आठवड्यात नऊ निरोप आले. मी खूश झाले, मूर्खासारखी.

रमाकांतजींनी कागद पुढे सरकवला. गेल्या महिन्यात बिघाड शून्य, उपकरण बसवल्यावर नऊ. म्हणजे बिघाड आणले कुणी, असा त्यांचा सवाल.

"इसे हटा दो, बकुळजी," ते म्हणाले. "कन्फर्मेशन का फिर देखेंगे."

मी दातओठ खात ते काढलं. घरी आईनं तोंड आवरायला सांगितलं.

सोमवारी मालकीणबाई, डॉक्टर इंदिरा, आल्या. त्या खंडेराव गेटच्या जुन्या मराठी वस्तीतल्या, बोलणं मोजकं. रमाकांतजींनी दिमाखात हिरवा दिवा आणि ते शून्य दाखवलं. बाईंनी कौतुक केलं आणि स्वतःचा सकाळचा शुगरचा रिपोर्ट छापायला सांगितला. प्रिंटर गप्प. दहा मिनिटं आम्ही सगळे त्या हिरव्या दिव्याकडे बघत उभे. चालू तर आहे, असं रमाकांतजी तीनदा म्हणाले.

मी मशिनाचा पडदा उघडला. आतलं घड्याळ साडेदहालाच थांबलेलं, आणि आता बारा वाजत होते. बोलावं की नाही? भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. घरात पक्क्या पगाराची फार गरज होती. पण गप्प बसले असते तर मीही तो हिरवा दिवाच.

"मॅडम, हे दीड तासापूर्वीच कोसळलंय," मी म्हणाले. "कळवणारं उपकरण होतं, ते मला काढायला लावलं."

"असं किती वेळा होतं?"

"उपकरण होतं तेव्हा आठवड्यात नऊदा. आता कुणालाच माहीत नाही."

बाईंनी रमाकांतजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

उपकरण त्याच दुपारी परत लागलं. शुक्रवारी नोकरीचं पत्र मिळालं, रमाकांतजींच्याच सहीचं. पत्र देताना ते हळूच म्हणाले की यापुढे निरोप आधी त्यांच्या मोबाइलवर यावेत, वरपर्यंत जायची काही गरज नाही.

मी लगेच निरोपांच्या यादीत त्यांचा नंबर घातला. इंदिराबाईंच्या नंबराखाली.