मापावरची मूठ

पावसाळाभर आमच्या शेळ्या कामथडीला माझ्या माहेरी होत्या. त्या परत आणायच्या म्हणून मी गोठ्याचं दार उघडलं, आत पाय टाकला आणि बघता बघता माझ्या पोटऱ्या काळ्या झाल्या. पिसवा! रिकाम्या गोठ्याच्या धुळीत उपाशी बसून त्या कुणाच्या तरी पावलाची वाट बघत होत्या.

औषध भोरहून आणलं. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बादलीभर पाण्याला एकच टोपण, आणि फवारा वाळल्याशिवाय जनावर आत न्यायचं नाही. मी तोंडाला फडकं बांधेपर्यंत मामंजींनी टोपण ओतलं आणि वर आणखी एक ओतलं.

"मामंजी, ह्ये काय केलंत?"

"मापावर मूठ टाकायचीच असती." धान्य मोजून देताना ते जन्मभर तेच करत आलेत.

"ह्ये तांदूळ न्हाईत, इख हाय! शेळ्या मारायच्यात का?" मी ओरडले. आणखी एक बादली पाणी आणलं, सगळं पिंपात एकत्र केलं आणि मगच फवारलं.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात पाय आपटून आले. एकही पिसू उडाली नाही. मग शेळ्या माहेराहून आणल्या, तरी अंगणातच ठेवल्या, कारण कोषातल्या पिसवा औषधानं मरत नाहीत, मागाहून निघतात, पुन्हा फवारावं लागेल, असंही डॉक्टर म्हणाले होते. मामंजींना ते पटलं नव्हतं.

आठवड्यानं ते आत गेले आणि जागीच थांबले. पोटऱ्या काळ्या झाल्या होत्या, पण त्यांनी पाय झटकले नाहीत. नुसते बघत राहिले.

"मंगल," ते हळूच म्हणाले, "माझी मूठ तू काढलीस. पर ह्या पिसवांस्नी देनाऱ्यानं जीव मापावर मूठ टाकूनच दिलाया."