कोहिमाचं पितळी पदक

सुरेखाचे बाबा साताऱ्यात वारले तेव्हा तिला जपानमधल्या त्सुकुबाहून जाता आलं नाही. दादाचा, म्हणजे दिगंबरचा, फोन आला तोवर तिकडे सगळं उरकलंही होतं. "बरं," एवढंच ती म्हणाली आणि तिने कुकर लावला. "रडून घे गं," नवरा मोहन म्हणाला, पण रडू येईना. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या तयार डब्यांच्या, दुकानात कामाला गेली आणि डब्यांत भात भरत राहिली.

पुढे मोहनच्या संस्थेतला प्रल्हाद सुट्टीवरून परतला, तेव्हा दिगंबरने त्याच्याबरोबर एक पुडकं पाठवलं. आत बाबांचं पदक होतं.

बाबा दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळाच्या तुकडीत होते, जखमींचे स्ट्रेचर उचलायचे. चव्वेचाळीस साली जपान्यांनी कोहिमाला वेढा घातला तेव्हा ते आत अडकले. सरकारने दिलेली पदकं साताऱ्याच्या घरी रंगीत फितींसकट काचेआड होती. हे मात्र सरकारी नव्हतंच. वेढा उठल्यावर एका फिटरने तोफगोळ्याचं पितळी कवच कापून, वाचलेल्या सोबत्यांसाठी चकत्या केल्या होत्या. वर इंग्रजी अक्षरांत कोहिमा आणि साल ठोकलेलं, तेही वाकडंतिकडं. बाबांनी ते कधी छातीवर लावलं नाही. जाताना मात्र "हे सुरेखाला द्या" म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

सुरेखाने पुडकं उघडलं आणि दारातल्या चपलांच्या कपाटावर तसंच ठेवून दिलं. येता-जाता ते दिसे. तिला काही वाटत नसे.

एका सकाळी खालच्या मजल्यावरचे कोबायाशी-सान वस्तीत घरोघर फिरणारी सूचनांची फाइल द्यायला आले. सत्तरी ओलांडलेले, लेकीकडे राहणारे गृहस्थ. फाइल देता देता त्यांचा हात थांबला.

"को-हि-मा," त्यांनी अक्षर अक्षर वाचलं. "हे कुणाचं?"

"माझ्या वडिलांचं. ते तिथे होते. आत."

म्हाताऱ्याने कपाटाची कड धरली. "मी बाहेर होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या पलटणीतले उरलेसुरले लोक वर्षातून एकदा जेवायला जमतात. "तुम्ही याल? हे घेऊन?"

"हो," ती म्हणाली. दुकानात पिशवी हवी का म्हणून विचारल्यावर म्हणावं, तसं.

मोहन मात्र उसळला. "ज्यांनी बाबांना पाण्यावाचून तडफडवलं, त्यांच्या पंगतीला जाणार तू?"

"ते तडफडले हे तुला कुणी सांगितलं?"

"वाचलंय मी त्या वेढ्याबद्दल."

"मला कुणीच सांगितलं नाही," सुरेखा म्हणाली आणि साडीला इस्त्री करू लागली.

टोकियोत, उएनोतल्या एका हॉटेलच्या माडीवर सहा-सात म्हातारे बसले होते, कोट घालून, गुडघे सावरत. रुमालावर ठेवलेलं पदक हातोहात फिरलं. एकाने ते तळव्यावर तोललं. एकाने हात न लावताच पुढे सरकवलं आणि तो उठून बाहेर गेला. कानात यंत्र घातलेल्या एकाने विचारलं, "वडील आमच्याबद्दल काय म्हणायचे?"

सगळ्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. काहीतरी गोड बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, हे तिला कळत होतं.

"काहीच नाही. ते बोललेच नाहीत."

"कधीच?"

"घरात कुणाच्या हातून पाणी सांडलं, की उठून बाहेर जायचे. तेवढंच."

कोबायाशी-साननी मान खाली घातली. "झरा आमच्या बाजूला होता," ते म्हणाले. "तुमची माणसं अंधारात पाण्याला यायची. डबे वाजायचे. मग आम्ही गोळ्या झाडायचो."

सुरेखाने ऐकून घेतलं. आता संताप येईल, निदान डोळे तरी भरतील, म्हणून ती वाट पाहत राहिली. यातलं काहीच झालं नाही. पुढ्यातलं सूप गार झालं होतं; टाकणं बरं दिसणार नाही म्हणून ती ते प्यायली.

निघताना तिला मघाशी उठून गेलेला म्हातारा जिन्यात भेटला. "माझा धाकटा भाऊ तिथेच राहिला," तो म्हणाला. "मला ते हातात घेववलं नाही. माफ करा."

"नका घेऊ," ती म्हणाली. "मलाही जड जातं."

रविवारी तिने साताऱ्याला फोन लावला.

"आई, बाबा कोहिमाबद्दल तुझ्याशी बोलायचे?"

"जागेपणी नाही गं. झोपेत बोलायचे. कुणा नंदूला म्हणायचे, थांब, पाणी आणतो."

"कोण नंदू?"

"एकदा विचारलं होतं. स्ट्रेचरवरचा पोरगा, एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी पुन्हा नाही विचारलं."

"मग ते पदक मलाच का?"

"मीच म्हटलं होतं त्यांना, तुमच्यामागे ते माझ्या नजरेसमोर नको. तू सगळ्यांत लांब राहतेस, म्हणून तुला." मग आईला रडू फुटलं. "चुकलं का गं माझं?"

"नाही, आई."

आई रडत राहिली. बाबा गेल्यापासून तिला असं रडताना सुरेखा पहिल्यांदाच ऐकत होती. तिचे स्वतःचे डोळे कोरडेच होते. मोहनने खुर्ची आणून मागे ठेवली. ती बसली, रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाली, "रड तू. मी आहे."