चमच्याचं गाणं

घड्याळजीच्या कानांची ख्याती अशी की, दोन गल्ल्या पलीकडे कुणाचं घड्याळ मागं पडलं तर इकडे याची झोप मोडायची. खोटं वाटत असेल तर बायकोला विचारा. लग्नाच्या पहिल्याच रात्री तो उठून शेजाऱ्यांचं घड्याळ लावून आला होता.

आता तेच कान संपावर गेले होते. घड्याळ कानाशी धरलं की आत नुसतं धुकं. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून तो वेळ निभावून न्यायचा, नाही कळलं तर ‘हं’ म्हणायचा. बायकोला त्याने कळू दिलं नव्हतं. कळलं की ती म्हणणार, पुरे झालं, आणि दुकानाची किल्ली जावयाच्या खिशात जाणार.

सुट्टीच्या दिवशी तिनेच टूम काढली, पाणथळीवर पक्षी बघायला जाऊ. ‘बघायला’ म्हणाली म्हणून तो निर्धास्त निघाला. फाटकावरची माहितीची पाटी वाचत ती रेंगाळली. हा लव्हाळ्यांमधल्या लाकडी वाटेने पुढे गेला. टोकाला आडोशाची खोली, आत बाक, आणि भिंतीवर ‘शांतता राखा’. त्याला ती जागा फार आवडली. अशी पाटी दुकानात लावता आली असती तर!

बायको येऊन शेजारी बसली. समोर उथळ पाण्यात पांढरा, लांब पायांचा पक्षी चपटी चोच डावीउजवीकडे फिरवत होता.

“चमच्या,” ती त्याच्याकडे तोंड करून म्हणाली. “काय गातोय, ऐकलंत?”

त्याने डोळे मिटून मान डोलावली. “वा. वरच्या पट्टीत जरा कापतो, पण गळा आहे.”

डोळे उघडले तर बायको पदर तोंडात कोंबून हसत होती. “अहो, चमच्या जवळजवळ मुकाच असतो. फाटकावर लिहिलंय.”

घड्याळजी तिच्याकडे वळला. मग म्हणाला, “कधीपासून ठाऊक आहे तुला?”

“तुम्ही माझं ऐकायला लागलात तेव्हापासून. आधी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायचात. नंतर सगळ्याला हं. वाटलं, सुधारले. मग एकदा म्हटलं, माहेरची सगळी मंडळी महिनाभर राहायला बोलावते. तरी हं. तेव्हा ओळखलं.”

“मग किल्ली जावयाला देणार?”

तिने मनगटावरचं घड्याळ काढून स्वतःच्या कानाशी धरलं, दुसऱ्या हाताने त्याचा तळवा ओढून घेतला आणि त्यावर दोन बोटं टिकटिकीबरोबर पळवायला लागली. एक बोट जोरात, दुसरं हळू. एक जोरात, दुसरं हळू.

“लंगडतंय,” तो पुटपुटला. “कधीपासून?”

“ते मला काय कळणार? मी नुसती ऐकणार. कळायचं तुम्हाला.”

“रोज येशील दुकानात?”

“येईन. पण मी सांगेन ते ऐकावं लागेल. आणि नुसतं हं चालायचं नाही.”

“ऐकेन.”

तेवढ्यात चमच्या उडाला. घड्याळजीने तळवा पुढे केला. बायकोने पाचही बोटं पसरून त्यावर अशी फडफडवली की त्याला गुदगुल्या झाल्या.

“एवढा आवाज?”

“तुमच्या घोरण्यापुढे काहीच नाही,” ती पाण्याकडे बघत म्हणाली.

“हं,” घड्याळजी म्हणाला.