पलटी मारणारा बिल्ला

मी एक जुना बिल्ला आहे, मित्रांनो. प्लास्टिकचं पाकीट आणि निळी फीत, बस्स! पण तोरा बघाल माझा!

इंदूरला स्नेहलतागंजमध्ये दरवर्षी मेळावा भरतो. ज्यांच्या घरात आधी कुणीच शिकलेलं नाही, असे विद्यार्थी आणि शिक्षक तिथे एकमेकांना भेटतात. माझ्या पुढच्या चिठ्ठीवर नाव-गाव असतं आणि मागच्या चिठ्ठीवर, 'मला काय हवंय'.

दहा वर्षांपूर्वी मी कोरा करकरीत होतो. शशिकला नावाच्या मुलीच्या गळ्यात ऐटीत, सरळ राहिलो. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, पण तिची मागची चिठ्ठी कुणी वाचलीच नाही. शशिकला तशीच परत गेली. ते मला अजून टोचतं.

पुढे फीत पिळली आणि मी सारखा उलटा व्हायला लागलो. नोंदणीवाला आशिष इंदुरी थाटात म्हणाला, "अरे भिया, हा तर पलटी मारतो!" झालं, मी बिल्ल्यांच्या डब्याच्या तळाशी.

यंदा बिल्ले कमी पडले, म्हणून मी मानपूरच्या मितालीला मिळालो. तिला गणिताची शिक्षिका व्हायचंय, पण तिच्या शाळेत अकरावीला गणित शिकवायला कुणीच नाही. बाबांनी बजावलं होतं, "आज कोणी भेटलं तर ठीक, नाहीतर उद्या अर्जात दुसरा विषय भर." तिने मागे बारीक अक्षरात लिहिलं, 'मला गणित कोणी शिकवेल का?' आणि लाजून मला छातीशी दाबून धरलं.

पण पोह्यांची प्लेट घ्यायला दोन्ही हात लागले ना! मी सुटलो. गर्रकन उलटा!

समोरची ताई वाचून थबकली. "अगं, अगदी हेच मी लिहिलं होतं!"

माझी शशिकला! आता जवळच्याच महूला गणित शिकवते.

"मग तुम्हाला कोण भेटलं?" मितालीने विचारलं.

"कोणी नाही. माझी दोन वर्षं गेली. तुझी नाही जाणार. दर रविवारी महूला यायचं. बाबांना फोन लाव, मी बोलते."

मितालीने हळूच ताईंचा बिल्ला उलटा केला. मागे लिहिलं होतं, 'गणिताला मुली हव्यात.' दोघी इतक्या हसल्या, की पोहे माझ्यावर सांडले.

"हा बिल्ला बदलून देऊ का?" आशिषने विचारलं.

"खबरदार!" लाजरी मिताली चक्क ओरडली.

मित्रांनो, मेळावा संपला की आम्हाला फेकू नका, डब्यात परत ठेवा. आणि कुणाचं नुसतं नाव वाचून पुढे जाऊ नका. "मागे काय लिहिलंयस?" एवढं विचाराच. सगळेच बिल्ले काही माझ्यासारखे पलटी मारत नाहीत!