आठव्या दिवशीची गोचीड

गोचीड कमळाच्या डाव्या गुडघ्याच्या मागच्या खळगीत, कडेपासून बोटभर आत बसली होती. मोहरीच्या दाण्याहून जराशी मोठी, तपकिरी, आठ पायांची; तोंड कातडीत रुतलेलं आणि भोवती चाराण्याच्या नाण्याहून लहान असं लाल वर्तुळ. तिनं आरसा तिरका धरून गोचिडीची लांबी पट्टीनं मोजली. अडीच मिलिमीटर. मग ती खाटेवर बसली आणि हसत सुटली.

जंगलातल्या कामात तिच्या सोबतीला असणारी बुधरी चहाचं आधण टाकून धावत आली.

"ताप डोस्क्यात गेला का बाई?"

"बुधरी, नवी गोचीड चावली!"

"मंग हासून काऊन राह्यली? मागलीनं तुले खाटेवर पाडलं ना!"

पाडलं होतं, हे खरं. बांबूच्या रांज्या, म्हणजे बेटं, मोजता मोजता कुठली तरी गोचीड चावली आणि पाठोपाठ ताप, अंगभर पुरळ. गोचीडताप म्हणून डॉक्टरांनी दहा दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. आज आठवा दिवस. ताप उतरला होता, आणि तीच तर पंचाईत होती. नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची कायमची नोकरी कमळाला मिळाली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिला जायचं नव्हतं. एकशे वीस रांज्यांना नंबर घालून दोन वर्षं तिनं त्यांचे वास्ते, म्हणजे नवे कोंब, मोजले होते. अजून तीन वर्षं मोजल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नव्हता. पण हे वडिलांना सांगायचं कसं? धम्मदीक्षेच्या साली जन्मलेली आपली पोरगी प्राध्यापक झाली, हे देवाजी गुरुजी सगळ्या सावली गावात सांगत फिरत होते. पाऊस संपू दे, यंदाची मोजणी संपू दे, ताप उतरू दे, असं करत कमळानं तीन महिने ढकलले. आज दुपारच्या बसनं ते तिला न्यायलाच येणार होते.

आणि आता हा नवा चावा! नवा चावा म्हणजे नवे दहा दिवस. गेला सोमवार!

"थांब, काढतो तिले," बुधरी वाकली.

"हात लावू नको! डॉक्टरांना जशीच्या तशी दाखवायची."

सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळून, बुधरीला कॅरिअरवर बसवून कमळा सायकलवर निघाली. तापानं पाय कापसाचे झाले होते, रस्ता डुलत होता, आणि तिला त्याचंही हसू येत होतं. उतारावर तिनं ब्रेकवरचा हातच काढला.

"माय वो, मारतेस का!" बुधरी किंचाळली आणि मग स्वतःच खिदळायला लागली. समोरून येणारा मुखरू गुराखी बैलांसकट कडेला झाला.

"बाईच्या पायाले का झालं?"

"गोचीड हाय, भाऊ! मिरवणूक काढून राह्यलो तिची!"

दवाखान्यासमोर बस नुकतीच थांबली होती. पिशवी सावरत उतरणारे गुरुजी लेकीचा उघडा पाय पाहून घाबरले आणि मागोमाग आत शिरले.

डॉक्टरांनी चिमट्यानं गोचीड धरली, सरळ ओढून काढली आणि बाटलीत टाकली. "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि तिला वाटभर रक्त पाजत आणलंत?"

"पुरावा म्हणून," कमळा म्हणाली. "आता कोर्स पुन्हा पहिल्यापासून ना?"

"कशाला? कॅप्सूल चालूच आहेत की. तेवढा कोर्स पुरा करा. पुन्हा ताप आलाच तर नागपुरात दाखवा."

"पण प्रवास?"

"खुशाल करा."

"निदान विश्रांती?"

"सायकल दामटत आलात ना?"

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. "झालं तर मंग! चारची परतीची बस हाय. पुस्तकं बांधली का माय?"

कमळानं तोंड उघडलं. पाऊस संपला होता, मोजणी झाली होती, ताप गेला होता, आणि गोचीड बाटलीच्या तळाशी पाय हलवत होती. एकही सबब उरली नव्हती. तिला पुन्हा हसू फुटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. गुरुजींनी बावरून तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"बाबा," हसता हसताच ती म्हणाली, "मी नागपूरले जात नाई. मी इथीच राहीन."